विश्लेषण : रॅम वाढवल्याने जुन्या ग्राफिक्स कार्डाला खरेच बळ मिळते का?

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘जीपीयू’वर क्लिक करा. तुमच्याकडे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम असेल, तर तिथे ग्राफिक्सची एकूण मेमरी सुमारे १२ जीबी दिसेल. पैसे मोजले होते ४ जीबीचे, मग वरची ८ जीबी आली कुठून?

या एका आकड्यावर यूट्यूबवरचे कितीतरी व्हिडिओ उभे आहेत. ‘कार्ड बदलू नका, रॅम वाढवा’, ‘फुकटात ग्राफिक्स मेमरी दुप्पट करा’ अशा मथळ्यांचे. हिशेब वरवर सरळ दिसतो. १६ जीबी रॅमवर ८ जीबी जास्त मिळते, तर ३२ जीबी केल्यावर १६ मिळेल आणि जुने ४ जीबीचे कार्ड एकदम २० जीबीचे होईल. टास्क मॅनेजरमध्ये तो आकडा दिसेलही. गेम मात्र जिथे अडखळत होता तिथेच अडखळेल.

हा विषय आज लिहायला कारण आहे. एनव्हिडियाची जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतली कार्डे अजून असंख्य घरांत चालू आहेत. त्यांच्यासाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर देणे कंपनीने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. त्याच सुमारास एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा रॅमचा ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. म्हणजे जुने कार्ड असलेल्याला नवे कार्ड परवडत नाही आणि ज्या रॅमकडे तो स्वस्त उपाय म्हणून बघतोय तीच महागली आहे. अशा वेळी चुकीच्या जागी खर्च झालेले चार-पाच हजार रुपये कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला परत मिळत नाहीत.

दोन मेमऱ्या, एक बेरीज

टास्क मॅनेजर जो आकडा दाखवतो तो दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज असतो. पहिली ‘डेडिकेटेड’ मेमरी, म्हणजे कार्डावरच, ग्राफिक्स चिपच्या शेजारी बसवलेली. तिलाच व्हीरॅम म्हणतात. दुसरी ‘शेअर्ड’, म्हणजे मदरबोर्डवरच्या नेहमीच्या रॅमपैकी जी गरज पडल्यास ग्राफिक्ससाठी वापरायची मुभा विंडोजने ठेवली आहे ती. ही मुभा साधारणपणे एकूण रॅमच्या निम्मी असते. लक्षात घ्या, ही रॅम बाजूला काढून ठेवलेली नसते. गेम चालू नसताना ती इतर कामांना पूर्ण मोकळी असते. बँकेने दिलेल्या ओव्हरड्राफ्टसारखे समजा: मर्यादा पासबुकात दिसते म्हणून तेवढी शिल्लक खात्यात असते असे नाही.

ही व्यवस्था वाईट मुळीच नाही. व्हीरॅम भरली आणि ड्रायव्हरकडे दुसरी जागाच नसेल तर गेम बंद पडेल. त्याऐवजी कमी वापराचा माल रॅममध्ये हलवला जातो आणि गेम सुरू राहतो. विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स मेमरीची अशी हलवाहलव ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः सांभाळते. त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही, कोणतेही सॉफ्टवेअर टाकावे लागत नाही. ‘ही सोय सुरू कशी करायची’ हे शिकवणारा माणूस आधीपासून सुरू असलेली गोष्टच विकतो आहे, हे एवढ्यावरून कळावे.

प्रश्न जागेचा नाही, रस्त्याचा आहे. मिसळणाचा डबा ओट्यावर असला की फोडणीला मोहरी क्षणात पडते. तीच मोहरी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणायची म्हटली, तर वाण्याकडे पोतेभर मोहरी असून उपयोग नाही. तोवर तेल जळून जाते. व्हीरॅम हा ओट्यावरचा डबा, रॅम हे वाण्याचे दुकान आणि दोघांमधली गल्ली म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस नावाची जोडणी, ज्या खाचेत कार्ड बसवतात ती. रॅम वाढवली म्हणजे वाण्याचे गोदाम मोठे झाले. गल्ली होती तेवढीच राहिली.

सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

उदाहरणाला जीटीएक्स १०५० टीआय घेऊ. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेले हे कार्ड आपल्याकडे अफाट खपले. कारण त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. ७५ वॉटमध्ये, खाचेतून मिळणाऱ्या विजेवरच भागते. त्यामुळे ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमध्येही ते बसते. त्याच्यावर ४ जीबी जीडीडीआर५ मेमरी आहे आणि ती ग्राफिक्स चिपला सेकंदाला ११२ जीबी या वेगाने माल पुरवते. तेच कार्ड ज्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० खाचेत बसते, तिच्या पूर्ण सोळा मार्गिकांमधून एका दिशेने जास्तीत जास्त सुमारे १६ जीबी प्रतिसेकंद जाऊ शकतात. म्हणजे सातपट फरक. मदरबोर्ड जुना असेल, समजा इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या आय५ प्रोसेसरच्या काळातला, तर तिथे पीसीआय एक्स्प्रेस २.० असते आणि वेग याच्याही निम्मा होतो.

आता गेमच्या भाषेत बोलू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात १०५० टीआय स्वतःच्या मेमरीतून जास्तीत जास्त १.८ जीबीच्या आसपास वाचू शकते. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या गल्लीतून तेवढ्याच वेळात जेमतेम २६० एमबी येतात. समजा गेमला व्हीरॅममध्ये न मावणारा ५०० एमबी माल प्रत्येक फ्रेमला लागतो आहे. तो नुसता आणण्यातच ३१ मिलिसेकंद गेले, म्हणजे ६० ची गाडी ३० च्या आसपास आली. १ जीबी लागत असेल तर साठेक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १५-१६ फ्रेम. आणि हे सगळे कागदावरच्या कमाल वेगाने. प्रत्यक्षात त्याच रॅमवर प्रोसेसरचेही काम चालू असते. एकच डीडीआर४-२६६६ची पट्टी असेल तर तिचा स्वतःचा वेगच सेकंदाला २१ जीबी आहे आणि त्यात प्रोसेसर व ग्राफिक्स दोघेही वाटेकरी.

इथे कुणी म्हणेल, पण मी तर व्हिडिओत पाहिले, शेअर्ड मेमरी दोन जीबी वापरली जात होती आणि गेम ४५ फ्रेमने चालला होता. तेही खोटे नसते. उतू गेलेला सगळाच माल दर फ्रेमला लागत नाही. मागच्या गल्लीतल्या भिंतीचे टेक्सचर तुम्ही मागे वळेपर्यंत रॅममध्ये पडून राहिले तरी चालते. ड्रायव्हर शहाणा असतो, नेहमी लागणारे जवळ ठेवतो. त्रास होतो तो तुम्ही झटकन वळता तेव्हा, नव्या भागात गाडी शिरते तेव्हा, समोरून शत्रू येतो तेव्हा. त्या क्षणी चित्र थिजते. मिनिटभराची सरासरी काढली तर ती ४५ येईल, पण खेळणाऱ्याला आठवतो तो अर्धा सेकंदाचा झटका, कारण नेमका त्याच वेळी तो मेलेला असतो. म्हणून अशा चाचण्यांत सरासरी फ्रेमचा आकडा दाखवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. सर्वात वाईट एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या, हे दाखवले तरच ती चाचणी.

गल्ली अरुंद केली तेव्हा काय झाले

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर २०२२ चा दाखला बघा. जानेवारीत एएमडीने आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड आणले. मेमरी ४ जीबी आणि खाचेतल्या सोळाऐवजी फक्त चारच मार्गिका वापरणारे. नव्या पीसीआय एक्स्प्रेस ४.० मदरबोर्डवर चार मार्गिकांतून सुमारे ८ जीबी प्रतिसेकंद जातात. पण ज्यांना हे स्वस्तातले कार्ड घ्यायचे होते त्यांच्याकडे बहुधा जुने ३.० बोर्ड होते आणि तिथे हा वेग ४ जीबीवर येतो. समीक्षकांनी दोन्ही बोर्डांवर कार्ड लावून पाहिले. मेमरीत मावणाऱ्या गेममध्ये फरक थोडा, ४ जीबीच्या वर जाणाऱ्या सेटिंगवर मात्र काही गेम अक्षरशः कोसळले. कार्ड तेच, चिप तीच. बदलली होती फक्त रॅमकडे जाणारी वाट.

गंमत म्हणजे ४ जीबी मेमरी आजच्या गेमना पुरत नाही, असा लेख जून २०२० मध्ये एएमडीनेच आपल्या ब्लॉगवर लिहिला होता.

दुसरा दाखला गेमच्या बाहेरचा आहे, पण मला तो जास्त बोलका वाटतो. घरच्या संगणकावर स्टेबल डिफ्युजनने एआय चित्रे बनवणाऱ्यांना पूर्वी व्हीरॅम संपली की ‘मेमरी संपली’ असा संदेश येऊन काम थांबायचे. २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने अशा वेळी रॅम वापरायला सुरुवात केली. काम थांबेना, पण इतके संथ झाले की लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. शेवटी ऑक्टोबर २०२३ च्या ड्रायव्हरमध्ये कंपनीने ही सोय बंद करण्याचा पर्याय दिला. लोकांनी मुद्दाम मागून घेतला तो पर्याय! ज्यांना रोज हे काम करायचे होते त्यांना रॅममध्ये रांगत चालण्यापेक्षा सरळ बंद पडणे परवडले.

जुनीच दारू

रॅमला ग्राफिक्स मेमरी म्हणून विकण्याची कल्पना आजची नाही. इंटेलचे आय७४० हे कार्ड १९९८ मध्ये आले ते याच विचाराने: एजीपी नावाची नवी वेगवान खाच आहे, तर टेक्सचर मुख्य रॅममध्येच ठेवू आणि कार्डावरची महाग मेमरी वाचवू. स्वतःच्या मेमरीत टेक्सचर ठेवणाऱ्या प्रतिस्पर्धी कार्डांपुढे ते टिकले नाही. २००४ च्या अखेरीस एनव्हिडियाने ‘टर्बोकॅश’ आणले, पाठोपाठ एटीआयने ‘हायपरमेमरी’. कार्डावर थोडीशीच मेमरी, बाकीची रॅममधून उसनी, आणि खोक्यावर मात्र दोन्हींच्या बेरजेचा आकडा ठळक. उसनी मेमरी धरून एवढी, हे बारीक अक्षरात. नाव ‘टर्बो’ आणि काम काटकसरीचे.

तेव्हापासून खोक्यावरच्या आकड्याचा हा खेळ थांबलेला नाही, फक्त रूप बदलले. जीटी १०३० हे २०१७ मधले छोटे कार्ड जीडीडीआर५ मेमरीसह आले, वेग ४८ जीबी प्रतिसेकंद. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ची आवृत्ती आली, वेग १६.८ जीबी. दोन्हींवर २ जीबी, दोन्हींचे नाव एकच. किंवा बाजारात अजून दिसणारे ‘४ जीबी’चे जीटी ७३० घ्या. त्यातल्या ६४ बिट डीडीआर३ प्रकाराचा वेग जेमतेम १४ जीबी प्रतिसेकंद भरतो. २०१४ च्या जीटीएक्स ७५० टीआयच्या २ जीबी आवृत्तीत तो ८६ जीबी आहे. आकडा निम्मा आणि कार्ड कितीतरी सरस. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत काय, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न अजूनही ‘किती जीबीचे?’ हाच असतो, आणि विक्रेत्याला दोष देण्याआधी हेही मान्य करायला हवे की उत्तर त्याच प्रश्नाचे मिळणार.

यूट्यूबचे तोडगे

यातला सर्वात लोकप्रिय म्हणजे रजिस्ट्रीत जाऊन इंटेलच्या विभागात ‘डेडिकेटेड सेगमेंट साइज’ नावाची नोंद करायची आणि तिला ५१२ हा आकडा द्यायचा. विंडोज मग डेडिकेटेड मेमरी ५१२ एमबी असल्याचे सांगू लागते. वाढते काहीच नाही. बदलते ती फक्त गेमला सांगितली जाणारी माहिती. काही जुने गेम सुरू होण्याआधी मेमरी तपासतात आणि कमी दिसली तर उघडतच नाहीत, त्यांना फसवायला हा उपाय कधी कामी येतो. एवढाच त्याचा उपयोग. तोही इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी, वेगळ्या कार्डाशी त्याचा संबंध नाही.

दुसरा तोडगा ‘व्हर्च्युअल मेमरी’ वाढवण्याचा. नावात मेमरी असल्याने घोटाळा होतो. ही तर रॅमसुद्धा नव्हे, डिस्कवरची जागा. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण अर्धा जीबी, जुन्या हार्ड डिस्कचा त्याच्याही चौथा हिस्सा. वाण्याकडे जायलाच उशीर होत होता, आता माल मार्केट यार्डातून मागवा असे सांगण्यासारखे आहे हे. आणि ‘रिसायझेबल बार’ सुरू करा म्हणजे कार्डाला रॅम वापरता येईल असे कुणी सांगत असेल तर त्याने गोष्ट उलटी समजून घेतली आहे. त्या सोयीने प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकाच वेळी दिसते. कार्डाला रॅम मिळत नाही.

मग रॅम वाढवूच नये का?

वाढवावी, पण वेगळ्या कारणासाठी. हा फरक नीट सांगितला जात नाही म्हणून सगळा गोंधळ आहे.

८ जीबीची एकच पट्टी असलेल्या संगणकावर विंडोज, ब्राउझरचे दहा टॅब, डिस्कॉर्ड आणि एखादा अलीकडचा गेम एकत्र चालवून बघा. रॅम स्वतःच ओसंडते, मग डिस्क झिजू लागते आणि गेम झटके देतो. अशा ठिकाणी तशीच दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली की झटके लक्षणीय कमी होतात. खेळणारा म्हणतो, रॅमने ग्राफिक्स सुधारले. खरे तर प्रोसेसरची अडचण दूर झाली. शिवाय दोन पट्ट्या योग्य खाचांत बसल्या तर दोन्हीकडून एकाच वेळी माल येतो, ज्याला ड्युअल चॅनल म्हणतात, आणि रॅमचा वेग दुप्पट होतो. १६ वरून ३२ जीबी करताना मात्र निव्वळ गेमसाठी फार थोड्या जणांना फरक जाणवेल.

ज्यांच्याकडे वेगळे कार्डच नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच गेम चालतो, त्यांची गोष्ट तर पूर्ण वेगळी. तिथे व्हीरॅम नावाचा डबाच नसतो. रॅम हीच ग्राफिक्स मेमरी आणि मधली अरुंद गल्लीही नाही. एएमडीच्या रायझन ३ २२०० जी किंवा रायझन ५ ५६०० जी अशा प्रोसेसरला डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी दिली तर २५.६ जीबी प्रतिसेकंद मिळतात, दोन दिल्या तर ५१.२. हा फरक गेममध्ये थेट दिसतो. रॅमवर केलेल्या खर्चाने ग्राफिक्सला खरेच बळ मिळते ते इथे. दुकानदार अशा संगणकातही ‘सध्या एकच १६ ची टाका, पुढे वाढवा’ असे सुचवतात. नका ऐकू, ८-८ च्या दोन घ्या. बायोसमधला ‘यूएमए फ्रेम बफर’ ५१२ एमबीवरून २ जीबी केल्याने काही अडून बसलेले गेम उघडतात, वेग मात्र तोच राहतो. आणि एकूण रॅम ८ जीबीच असेल तर विंडोजला ६ उरते, हे विसरू नये.

एकच मेमरी दोघांनी वापरणे ही कल्पना मुळात कमअस्सल नाहीच. सोनीच्या पीएस५ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १६ जीबीच आहे, पण ती जीडीडीआर६ जातीची आणि ४४८ जीबी प्रतिसेकंद वेगाची. स्टीम डेकमध्येही १६ जीबी सामायिक आहे, पहिल्या आवृत्तीत ८८ जीबी प्रतिसेकंद. ॲपलचे एम मालिकेतले संगणक याच वाटेने गेले. तिथे सामायिक मेमरी चालते कारण सगळी रचना तिच्याभोवती केलेली आहे. दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपमध्ये एक पट्टी जास्त खोचून ती रचना तयार होत नाही.

जुन्या कार्डातून जास्त काय काढता येईल

आधी रोग ओळखा. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमधला शेअर्ड मेमरीचा आकडा बघत राहा. थोडासा वापर नेहमीच असतो, त्याने घाबरू नका. डेडिकेटेड पूर्ण भरलेली आणि शेअर्ड चढत चाललेली दिसली तर व्हीरॅम अपुरी पडते आहे. डेडिकेटेड निम्मीच वापरात असूनही गेम संथ असेल, तर मेमरीचा काहीच दोष नाही, चिपच थकली आहे.

व्हीरॅम अपुरी पडत असेल तर टेक्सचरची पातळी एक पायरी उतरवणे यासारखा दुसरा उपाय नाही. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे एक टेक्सचर आजच्या पद्धतीने दाबून ठेवले तरी लहान प्रतींसह २१ एमबीच्या आसपास जागा खाते. २०४८ चे तेच टेक्सचर पाच एमबीत मावते. थेट चौथा हिस्सा, आणि १०८० पिक्सेलच्या २२ इंची पडद्यावर फरक शोधावा लागतो. जीटीए ५ च्या सेटिंगमध्ये मेमरी किती भरेल हे दाखवणारी पट्टी आहे; रेसिडेंट इव्हिल २ च्या नव्या आवृत्तीतही आहे. सगळ्याच गेममध्ये अशी पट्टी हवी. जीटीए ५ मधला ‘सुचवलेली मर्यादा दुर्लक्षित करा’ हा पर्याय मात्र बंदच ठेवलेला बरा.

ब्राउझर बंद करा, कारण तोही व्हीरॅम खातो. दुसरा मॉनिटर असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर तो मॉनिटर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जोडणीला लावा. एएमडीचे एफएसआर हे तंत्र जीटीएक्स १००० मालिकेवरही चालते. गेम कमी रिझोल्यूशनमध्ये चित्र काढतो आणि ते मोठे करून दाखवतो. चेहरे थोडे पुसट दिसतील, पण पुसट चित्र थिजलेल्या चित्रापेक्षा चांगले. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ खेळणाऱ्यांना तर व्हीरॅमची एवढी चिंता करायचे कारणच नाही. दोन्हींची किमान गरज १ जीबी व्हीरॅमची आहे.

आकडा कुणी लिहायचा?

वापरणाऱ्यानेच अभ्यास करावा, असे म्हणून कंपन्यांना मोकळे सोडणे मला पटत नाही. फ्रिज घेताना आपण लिटरही बघतो आणि ऊर्जा बचतीचे तारेही, कारण तारे दाखवणारे लेबल दारावरच चिकटवलेले असते. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर फक्त लिटर असतात. मेमरी कोणत्या जातीची, किती बिटची आणि सेकंदाला किती जीबी देणारी हे तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरात का नसावे? लॅपटॉपच्या जाहिरातीत उसनी मेमरी धरून आकडा दिला असेल तर स्वतःची किती आणि उसनी किती हे वेगळे का लिहू नये?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये भ्रामक जाहिरातींसाठी तरतूद आहे, केंद्रीय प्राधिकरण आहे, १९१५ ही हेल्पलाइन आहे. पण ‘एकूण उपलब्ध ग्राफिक्स मेमरी १२ जीबी’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे असते, तिथेच गोची आहे. खरे बोलून दिशाभूल करणाऱ्याला तक्रारीने पकडणे अवघड. काय छापायचे हेच ठरवून दिले तर सोपे. मायक्रोसॉफ्टनेही टास्क मॅनेजरमध्ये ही बेरीज दाखवणे थांबवावे. दोन आकडे वेगळे दाखवलेलेच आहेत, तेवढे पुरेत.

तोवर, जुने कार्ड विकून दुसरे जुनेच घेणाऱ्यांसाठी थोडे. आरएक्स ५८० हे २०१७ चे कार्ड ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी प्रतिसेकंद वेगामुळे आजही मागणीत आहे. पण त्याची ४ जीबीचीही आवृत्ती आहे आणि ‘२०४८ एसपी’ नावाची एक कमकुवत बहीणही. शिवाय त्याला वेगळी वीजजोडणी लागते, जी ऑफिसच्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये बहुधा नसते. पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या संगणकावर जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालवायला सांगा. मेमरीची जात, बस किती बिटची आणि बँडविड्थ, हे तिन्ही आकडे एकाच चौकटीत दिसतात. दहा वर्षांपूर्वीच्या भलत्याच चिपवर जीटीएक्स १०५० टीआयचे नाव चढवून विकलेली कार्डेही बाजारात फिरली आहेत. अशा ओळखीच्या बनावट कार्डांच्या नावापुढे हे सॉफ्टवेअर कंसात ‘फेक’ असे लिहून दाखवते.